१९८४ची वीस नंबर वन गाणी : बैठकीला येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबरात एका रविवारी संध्याकाळी एरंडवण्यातल्या आमच्या घरी आम्ही १९८४ सालची अमेरिकेतली सगळी नंबर वन गाणी ओळीने ऐकतो. जानेवारीतल्या गाण्यापासून सुरुवात करून डिसेंबरातल्या गाण्यापर्यंत, एकही न गाळता. बैठकीच्या आधी फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. सगळं वाचायला वेळ नसेल, तर बास, म्हणजे खालच्या पट्टीतली साथ, नसलेल्या गाण्याबद्दलचं उत्तर तेवढं वाचून या.

नंबर वन म्हणजे कोणाच्या यादीतला?

बिलबोर्ड हे अमेरिकेतलं संगीत-व्यवसायाचं नियतकालिक, तेव्हा साप्ताहिक. त्याची हॉट हंड्रेड ही शंभर गाण्यांची यादी ४ ऑगस्ट १९५८ला सुरू झाली. १९८४च्या प्रत्येक यादीवर शनिवारची तारीख होती. १९८४मध्ये ७ जानेवारी ते २९ डिसेंबर असे ५२ शनिवार आले आणि त्या ५२ याद्यांत मिळून २० गाणी पहिल्या नंबरावर आली.

हा नंबर ठरायचा कसा? लोकांच्या पत्रांवरून?

नाही, पत्रांवरून नाही. दोन गोष्टी मोजल्या जायच्या. दुकानांत कोणत्या गाण्याच्या रेकॉर्ड किती खपल्या आणि रेडिओ स्टेशनांनी कोणतं गाणं किती वाजवलं. पण त्या काळी ही मोजणी माणसांच्या तोंडी सांगण्यावर चालायची. ठरावीक दुकानदार आणि स्टेशनवाले आपापला क्रम कळवायचे आणि त्यांची बेरीज करून यादी लागायची. दुकानदाराने एखादं गाणं थोडं वर ढकललं तर ते पकडायची सोय नव्हती. ३० नोव्हेंबर १९९१च्या यादीपासून बारकोडवरची खरी विक्री आणि रेडिओवर यंत्राने टिपलेली वाजवणी हिशोबात आली. म्हणून १९८४चा नंबर वन हा काट्यावर तोललेला आकडा समजू नका. शेकडो लोकांनी त्या आठवड्याबद्दल दिलेला तो अंदाज होता. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आणखी एक अट होती. गाणं सुट्या रेकॉर्डवर, म्हणजे सिंगल म्हणून, विकायला असायला हवं. अल्बममधलं गाणं रेडिओवर कितीही गाजलं तरी सिंगल निघाली नसेल तर ते यादीत यायचं नाही. ही अट १९९८च्या डिसेंबरात गेली.

आणि १९८४च का?

याचं कारण आमच्या घरातली एक कॅसेट. तिच्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण कॅसेट नसती तरी मी हेच वर्ष निवडलं असतं. त्या वर्षी अल्बमच्या यादीत पहिल्या नंबरावर सबंध वर्षात पाचच नावं होती, इतकी ती वरची जागा अडून बसलेली. गाण्यांच्या यादीत मात्र वीस. आणि त्या वीसांत येससारखा सत्तरच्या दशकातला लांबलचक रचना करणारा बँड आहे, व्हॅन हेलनचं रॉक आहे, त्रिनिदादमध्ये जन्मलेला बिली ओशन आहे, चव्वेचाळीस वर्षांची टीना टर्नर आहे आणि विशीतली मॅडोना आहे. एका वर्षाच्या दारातून इतकी वेगवेगळी माणसं आत आलेली मी दुसऱ्या वर्षी फारशी पाहिली नाहीत.

वीस गाणी कोणती? क्रम सांगाल का?

सांगते, पण नुसती नावं पाठ करून येऊ नका. पुण्यात बसून ऐकणाऱ्याला सोपं जावं म्हणून मधेमधे आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं तेही जोडते.

वर्ष उजाडलं तेव्हा पॉल मॅकार्टनी आणि मायकेल जॅक्सन यांचं 'से से से' डिसेंबरपासूनच वर होतं. मग येसचं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' दोन आठवडे, कल्चर क्लबचं 'कर्मा कमिलियन' तीन आठवडे. फेब्रुवारीच्या शेवटी व्हॅन हेलनचं 'जंप' आलं आणि पाच आठवडे हललं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा तिकडे केनी लॉगिन्सचं 'फुटलूज' वर होतं. पाठोपाठ फिल कॉलिन्सचं 'अगेन्स्ट ऑल ऑड्स', लायोनल रिचीचं 'हॅलो', डेनीस विल्यम्सचं 'लेट्स हिअर इट फॉर द बॉय', सिंडी लॉपरचं 'टाइम आफ्टर टाइम' आणि ड्युरान ड्युरानचं 'द रिफ्लेक्स'. ही झाली दहा. जून संपला.

७ जुलैच्या यादीत प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय' पहिलं आलं. त्याच ७ जुलैला दूरदर्शनवर 'हम लोग'चा पहिला भाग लागला. हा योगायोग मला दरवर्षी नव्याने हलवतो. आमच्या अख्ख्या वाड्याचे डोळे एका टीव्हीला लागले होते आणि त्याच दिवशीच्या तारखेवर तिकडे हे गाणं. पाच आठवड्यांनी रे पार्कर ज्युनिअरचं 'घोस्टबस्टर्स'. सप्टेंबरात टीना टर्नरचं 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट', मग जॉन वेटचं 'मिसिंग यू' एकच आठवडा, लगेच पुन्हा प्रिन्स, 'लेट्स गो क्रेझी'. ऑक्टोबरात स्टीव्ही वंडरचं 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. आपल्याकडे रेडिओवर गाणी बंद होती. ३ नोव्हेंबरच्या यादीत तिकडे बिली ओशनचं 'कॅरिबियन क्वीन' वर आलेलं होतं. ते गाणं नाचाचं आहे, पण मला ते अजूनही मोकळेपणाने ऐकता येत नाही. मग व्हॅमचं 'वेक मी अप बिफोर यू गो-गो', हॉल अँड ओट्सचं 'आउट ऑफ टच', आणि २२ डिसेंबरपासून मॅडोनाचं 'लाइक अ व्हर्जिन'.

बास नसलेलं गाणं म्हणजे काय?

'व्हेन डव्ह्ज क्राय'. या एका गाण्यासाठी बैठकीला आलात तरी चालेल.

पॉप गाण्यात बास गिटार किंवा बासची की-बोर्डवरची ओळ ही जमीन असते. आपण तिच्याकडे लक्ष देत नाही, पण पाय तिच्यावरच पडतो. प्रिन्सने या गाण्यातली सगळी वाद्यं स्वतः वाजवली होती, बासही. आणि मग गाणं पुरं करताना त्याने बास काढून टाकला. डग्ग्यावर हात न ठेवता नुसत्या तबल्यावर कोणी ठेका धरला तर कसं वाटेल, तसं समजा. चाटेचा टणत्कार येतो, बोल कळतात, पण खालचा घुमारा नाही. कान तो शोधत राहतो. सुरुवातीला गिटारचा एक झपाटा येतो, मग यांत्रिक ड्रम लागतात, आणि त्यानंतर जी पोकळी उघडते ती शेवटपर्यंत भरत नाही. आवाजावर आवाज चढतात, शेवटी तर तो किंचाळतो, तरी खाली जमीन नाही ती नाहीच. आईबापांच्या भांडणाच्या सावलीत वाढलेल्या माणसाचं ते गाणं आहे, आणि पायाखालची जमीन काढून घेणं हे त्या माणसासाठी अगदी नेमकं आहे.

गेल्या वर्षी एक आजोबा आले होते. त्यांनी आयुष्यभर भजनाला पखवाज वाजवलेला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अर्ध्या मिनिटात त्यांचा डावा हात आपोआप मांडीवर पडायला लागला, जिथे घुमारा हवा नेमका तिथे. मी त्यांना बास नसल्याचं सांगितलंच नव्हतं.

हेच गाणं बिलबोर्डच्या १९८४च्या वार्षिक यादीत पहिलं आलं.

पण 'से से से' आणि 'लाइक अ व्हर्जिन' तर सहा-सहा आठवडे पहिली होती ना?

होती, पण वर्षाच्या काठावर. 'से से से'चे सहापैकी चार आठवडे १९८३मधले आणि 'लाइक अ व्हर्जिन'चे चार १९८५मधले. कॅलेंडरच्या चौकटीत बघितलं तर १९८४मध्ये सर्वांत जास्त, म्हणजे पाच-पाच आठवडे, 'जंप' आणि 'व्हेन डव्ह्ज क्राय' यांनाच मिळाले. शिवाय वार्षिक यादी फक्त पहिल्या नंबराचे आठवडे मोजत नाही, खालच्या नंबरांवर काढलेले आठवडेही धरते. आणि तिचं वर्ष डिसेंबरच्या आधीच बंद व्हायचं. म्हणूनच 'लाइक अ व्हर्जिन' १९८५च्या वार्षिक यादीत दुसरं सापडतं.

यात सिनेमाची गाणी इतकी कशी? आपल्यासारखंच?

वीसपैकी सात सिनेमातली. आपल्याला त्यात नवल वाटत नाही, तिकडे मात्र हे वर्ष वेगळं होतं. त्या वर्षाच्या सिनेमांसाठी ऑस्करच्या मूळ गाण्याच्या विभागात पाच नामांकनं झाली. 'अगेन्स्ट ऑल ऑड्स', 'फुटलूज', 'लेट्स हिअर इट फॉर द बॉय', 'घोस्टबस्टर्स' आणि 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'. पाचही गाणी नंबर वन झालेली. पुरस्कार स्टीव्ही वंडरला मिळाला. उरलेली दोन प्रिन्सच्या 'पर्पल रेन' सिनेमातली, आणि त्या सिनेमालाही गीत-संगीताचं वेगळं ऑस्कर मिळालं. कारण फार दूर शोधायला नको. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही १९८१च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं होतं. सिनेमातले तुकडे घालून केलेला व्हिडिओ म्हणजे गाण्याचीही जाहिरात आणि सिनेमाचीही.

नंबर दोनला अडकलेल्या गाण्यांचं काय?

त्यांच्याबद्दल मी जरा जास्त बोलते, ते आधीच सांगते. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'डान्सिंग इन द डार्क' चार आठवडे दुसऱ्या नंबरावर उभं होतं. एक आठवडा 'द रिफ्लेक्स'च्या मागे, तीन आठवडे 'व्हेन डव्ह्ज क्राय'च्या मागे. पहिला नंबर त्याला मिळाला नाही. एकट्याच्या नावावर निघालेल्या गाण्यावर स्प्रिंगस्टीनला हॉट हंड्रेडचा पहिला नंबर कधीच मिळालेला नाही.

त्याच उन्हाळ्यात, ८ ऑगस्टला, लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. चौथा नंबर. आमच्या घरी त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. आज ती शर्यत जिंकणारीपेक्षा उषाचं नाव आपल्याला आधी आठवतं. म्हणून बैठकीत वीस गाणी झाल्यावर चहाच्या वेळी मी 'डान्सिंग इन द डार्क' लावतेच.

ब्रिटनमध्ये हीच गाणी वर होती का?

काही हीच, काही अगदी वेगळी. 'हॅलो' तिकडे सहा आठवडे पहिलं होतं, 'आय जस्ट कॉल्ड'सुद्धा सहा. पण फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं 'टू ट्राइब्ज' तिथे नऊ आठवडे पहिलं राहिलं, आणि अमेरिकेच्या आपल्या वीसांत ते नाहीच. वर्षाच्या शेवटी इथिओपियातल्या दुष्काळासाठी अनेक गायकांनी मिळून केलेलं 'डू दे नो इट्स ख्रिसमस' पहिलं आलं आणि व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस' दुसरं. तेच 'लास्ट ख्रिसमस' २०२१च्या पहिल्या दिवशीच्या ब्रिटिश यादीत अखेर पहिलं झालं. तोवर व्हॅमच्या जॉर्ज मायकेलला जाऊन चार वर्षं झाली होती.

पुण्यात तेव्हा ही गाणी ऐकायला मिळायची तरी कुठे?

मी तेव्हा अकरावीत होते. आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. माझा मामेभाऊ, आमचा दादा, इंजिनिअरिंगला होता आणि गाण्यांचं वेड त्याचं. माझी मावशी, म्हणजे त्याची आत्या, न्यू जर्सीला असायची. तिच्या पत्रात शेवटी, निळ्या एअरोग्रामच्या दुमडीवर, त्या आठवड्याचं नंबर वन लिहिलेलं असायचं. पत्र यायला पंधरा दिवस. म्हणजे नाव आम्हाला कळेपर्यंत तिकडे गाणं बदललेलंही असायचं. आणि हाती फक्त नाव. सूर नाही, चाल नाही. 'व्हेन डव्ह्ज क्राय' हे नाव मला पाच-सहा महिने ठाऊक होतं आणि गाणं नव्हतं. पारवे रडतात तेव्हा कसा आवाज येत असेल, याचा विचार मी वाड्याच्या माडीवरच्या पारव्यांकडे बघत केलेला आहे.

रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी लागायचं, खरखरीतून. एखादं गाणं ओळखीचं निघालं की दादा पळत यायचा. बाकी भिस्त रेकॉर्डिंगच्या दुकानांवर. वहीच्या पानावर यादी लिहायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी घेऊन जायची. कॅम्पातल्या एका दुकानाने आमच्या पहिल्या कॅसेटवर साइड संपली म्हणून 'टाइम आफ्टर टाइम' अर्ध्यातच तोडलं होतं. परत नेली तर गाणं भरलंय, पैसे झाले, असं उत्तर मिळालं. दादाने त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाही. मित्रांच्या कॅसेटी आणून, दोन टू-इन-वन वायरने जोडून, १९८६पर्यंत त्याने वीसही गाणी स्वतः एका नव्वदच्या कॅसेटवर उतरवली. सिंगलच्या लांबीत वीस गाणी साधारण ऐंशी मिनिटांत बसतात. दहा एका साइडला, दहा दुसऱ्या. बी साइड सुरू होते ती 'व्हेन डव्ह्ज क्राय'ने.

वडील म्हणतात, आमच्या वेळी बिनाका गीतमाला होती, तेच हे.

त्यांचं बरोबर आहे. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२ला सुरू झाली आणि अमीन सायानींच्या आवाजाने बुधवारची रात्र बांधून ठेवली. १९५३च्या वार्षिक यादीत 'अनारकली'तलं 'ये जिंदगी उसी की है' सर्वांत वर होतं. वडिलांना जरूर घेऊन या. पायरी-पायरीने वर चढणारी यादी कशी ऐकायची, हे त्यांच्या पिढीला शिकवावं लागत नाही.

'आय जस्ट कॉल्ड' ऐकताना हिंदी गाणं आठवतं. भास आहे का?

भास नाही. १९८९च्या 'मैंने प्यार किया'मधलं 'आते जाते हँसते गाते' त्याच चालीवर आहे. संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडक्यांच्या सिनेमांना ठसकेबाज चाली देणारे तेच. चाल उचलली हे मी झाकणार नाही. पण स्टीव्ही वंडरची चाल मराठी माणसाच्या हातून लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या गळ्यापर्यंत आली, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती आधी तिथेच ऐकली. बैठकीत त्या गाण्याला सगळे गुणगुणतात. मी थांबवत नाही.

न आवडणारं गाणं गाळलं तर चालेल?

नाही. एवढा एकच नियम आहे. 'घोस्टबस्टर्स' मलाही फारसं आवडत नाही. पण पाच आठवडे 'व्हेन डव्ह्ज क्राय' ऐकलेल्या देशाला त्यानंतर लगेच हेच हवं होतं, आणि हे ओळीने ऐकल्याशिवाय कळत नाही. तसंच टीना टर्नरचं. नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेल्या, आता हिचं गाणं संपलं असं लोकांनी धरलेल्या बाईचा तो आयुष्यातला एकमेव पहिला नंबर. तो सुटा ऐकला तर चांगलं गाणं एवढंच. आधीच्या बारा गाण्यांनंतर तो जाड, सोसलेला आवाज आला की खोलीतली हवा बदलते. आवडीनिवडीने निवडून ऐकायला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.

इंग्रजी शब्द कळत नाहीत.

काही अडत नाही. प्रत्येक गाण्याआधी मी दोन वाक्यांत आशय सांगते.

लहान मुलांना आणू का? शेवटच्या गाण्याचं नाव ऐकून विचारतो आहे.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना आणा. मूल नावाचा अर्थ विचारेल, तर सरळ सांगा. त्या गाण्यात मी मुलांचं लक्ष दुसरीकडे वळवते, आणि ते वळतं. 'द रिफ्लेक्स'ला नवं रूप देणारा नाइल रॉजर्स हाच 'लाइक अ व्हर्जिन'चाही निर्माता. दोन्हींतली तोडून-तोडून येणारी लय मुलं मोठ्यांच्या आधी ओळखतात.

मूळ रेकॉर्ड पुण्यात मिळतील?

जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जा. नशिबाने मिळतात. रेकॉर्ड उन्हाकडे तिरकी धरून बघा. बारीक रेघोट्या चालतील, पण नखाला लागणारा ओरखडा असेल तर घेऊ नका. लांबीही बघा. 'व्हेन डव्ह्ज क्राय' अल्बमवर जवळजवळ सहा मिनिटांचं आहे, सिंगलवर पावणेचारच्या आसपास. यादीत पहिली आली ती सिंगल.

ती कॅसेट अजून वाजते का?

वाजते, पण आम्ही ती वाजवत नाही. दोन वर्षांपूर्वी 'आउट ऑफ टच'च्या मधे टेप गुंतली. पट्टी हातभर बाहेर आली. दादाने सहाकोनी पेन्सिल भोकात घालून ती हळूहळू परत गुंडाळली, पण एके ठिकाणी ती चुरगळून तुटली होती. ब्लेडने दोन्ही टोकं तिरकी कापून मागून चिकटपट्टी लावली. आता तिथे गाणं एक क्षण गिळतं. बैठकीत गाणी कॉम्प्युटरवरून लागतात आणि कॅसेट टेबलावर ठेवलेली असते. कव्हरच्या रेघांवर दादाच्या निळ्या शाईत वीस नावं आणि वीस तारखा आहेत. हातात घेऊन बघा. पट्टीला मात्र बोट लावू नका.